लाल पायांच्या कासवासाठी घरात घर कसं करू? बेळगावचा पाऊस धरून सांगा

हिंदवाडीकरीण (१४ एप्रिल, रात्री)

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहायलेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मावसभाऊ बेंगळुरूला असायचा, त्याला बाहेरदेशी नोकरी लागली आणि त्याचं कासव माझ्याकडं आलं. रेड फूटेड जातीचं आहे, म्हणजे पायावर लाल-केशरी ठिपके असतात ते. पाठ साडेसात इंच, वजन सव्वा किलोच्या आसपास. आपल्या बेळगावच्या कुंद्याच्या, म्हणजे त्या तपकिरी मिठाईच्या, रंगावरनं आम्ही नाव कुंदा ठेवलंय. सोबत त्यानं तीन फुटाची काचेची माशांची टाकी, त्यात खाली पांढरे गोटे, एक गुंडाळीवाला यूव्ही बल्ब आणि खायच्या गोळ्यांचं पाकीट दिलं.

गोष्ट अशी आहे की कुंदा दिवसभर काचेवर पाय घासत एकाच भिंतीला चालत राहते, संध्याकाळपर्यंत थकून तिथंच मान टाकते, बघवत नाही. पाठीवरच्या चौकोनांना थोडे उंचवटे पण यायला लागलेत असं वाटतं. घर पहिल्या मजल्यावर, स्लॅबचं, मागची १० बाय ११ ची खोली उत्तरेकडं तोंड करून आहे, ऊन फारसं येत नाही. ती खोली तिला द्यायला घरचे तयार आहेत. आता एप्रिल आहे म्हणून ठीक, पण जूनला आपल्याकडं एकदा झड लागली की चार महिने कपडे वाळत नाहीत तिथं या जिवाचं काय होणार याची काळजी लागलीय. काय बांधू, केवढं बांधू, कुठनं सुरू करू?

कॅम्पातला (१४ एप्रिल)

ताई, छान सविस्तर लिहिलंत. आधी एकच विचारतो, राग मानू नका. कागद आहेत ना? आणि ते नक्की रेड फूटेडच आहे ना, पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलं नाही ना? चांदणीवालं म्हणजे आपलं स्टार कासव. ते घरात ठेवणं बेकायदा आहे, विकत घेतलेलं असो की कुणी दिलेलं असो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, किमान ३ वर्षं कैद होऊ शकते. गणपत गल्लीत कुणीतरी पिशवीतनं दाखवतो, 'वास्तूला चांगलं' म्हणतो, आणि लोक घेतात. असं कुणी करू नका, हे धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठीच लिहायलोय.

रेड फूटेड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, त्याची गोष्ट वेगळी. पण ते सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते आणि मालक बदलला तर ते पण कळवावं लागतं.

हिंदवाडीकरीण

राग कशाला, बरं केलंत विचारलंत. भावानं नोंद केलेली आहे, माझ्याकडं आल्याचं पण पोर्टलवर भरलंय, प्रिंट काढून फाईलला लावलीय. चांदण्या नाहीत, काळपट पाठ आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्ये फिकट पिवळा डाग, तोंडावर पण पिवळसर लाल खवले.

कॅम्पातला

मग रेड फूटेडच. आता मनापासून लिहितो.

मी दोन रेड फूटेड सांभाळतोय आणि पहिल्या पावसाळ्यात एक जवळजवळ गमावलं होतं, म्हणून तुमची काळजी मला नीट कळते. मी तेव्हा बेंगळुरूच्या एका मित्राचं बघून वरनं उघडी पेटी केली होती. त्याच्याकडं चालायची. माझ्याकडं जुलैत खोलीत २१-२२ अंश आणि ओलावा नव्वदच्या वर. कासवाच्या नाकातनं बुडबुडे, तोंड उघडून श्वास, आठ दिवस खाल्लं नाही. मला वाटायचं हे जंगलातलं, ओलाव्यातलं जनावर, आपला पाऊस त्याला मानवेल. ओलावा मानवतो, गार ओलावा मानवत नाही. सगळी गोष्ट या एका फरकावर आहे बघा. ओलं आणि ऊबदार म्हणजे त्याचं जंगल, ओलं आणि गार म्हणजे न्यूमोनिया.

तर पेटी बंद पाहिजे, वरनं झाकण असलेली. आत दिवसा २७ ते ३०, दिव्याखालची एक जागा ३२ च्या आसपास, आणि रात्री २२-२३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. ओलावा ७० ते ८० टक्के. आपल्याकडं गंमत अशी की मार्च-एप्रिलच्या दुपारी माझ्या खोलीतला काटा ३०-३५ टक्क्यांवर येतो आणि जुलैत ९५ वर, म्हणजे एकाच पेटीला सहा महिने ओलावा धरून ठेवायचंय आणि चार महिने ऊब. बंद पेटी दोन्ही करते, उघडी एकही करत नाही.

पाठीवरच्या उंचवट्यांचं म्हणाल तर बरेच लोक अजून प्रोटीनवर खापर फोडतात, पण २००३ मध्ये आफ्रिकन सुलकाटा कासवाच्या पिल्लांवर अभ्यास झाला त्यात कोरडी हवा हेच मोठं कारण निघालं. आधी आलेले उंचवटे जात नाहीत, पण पुढची वाढ गुळगुळीत करता येते, त्यामुळं निराश होऊ नका.

काचेची टाकी आजच बाजूला करा. कासवाला काच कळत नाही, पलीकडं दिसतंय म्हणजे वाट आहे असं त्याला वाटतं. नवी पेटी होईपर्यंत निदान चारी बाजूंनी ब्राऊन पेपर चिकटवा, चालणं कमी होईल. आणि गोटे काढा, गिळले तर आतडं अडतं.

निपाणीकरीण

आमच्याकडं भावाचं गोडाऊन आहे, तंबाखूच्या मोठ्या लाकडी पेट्या रिकाम्या पडलेल्या असतात, जाड लाकूड, एकदम मजबूत. ताई पाहिजे असेल तर एक देते की, बेळगावला गाडी येतच असते.

कॅम्पातला

अक्का, तुमचं मन मोठं, पण तंबाखू भरलेली पेटी नको. निकोटिन लाकडात मुरतं, वर ओलावा आणि ऊब म्हणजे ते सुटणार, आणि कासव जमिनीलगत तोंड घालून फिरणार. धुवून पण जात नाही. बारदान पण वापरू नका.

निपाणीकरीण

अगं बाई, हे डोक्यातच आलं नव्हतं. बरं झालं विचारलं.

उद्यमबाग_फिटर

ताई मी सांगतो, मी मशीनचे कव्हर आणि स्टँड करतो, कासवातलं काही कळत नाही पण पेटीतलं कळतं. केवढी पाहिजे ते कुणीतरी बोला.

कॅम्पातला

पूर्ण वाढलेलं रेड फूटेड फूटभर किंवा जास्त होतं. ८ बाय ४ फूट ही मी कमीत कमी धरतो. आत्ता लहान करून नंतर मोठी करू म्हणणारे सगळे दोनदा खर्च करतात.

उद्यमबाग_फिटर

८ बाय ४ म्हणजे प्लायची एक पूर्ण शीट, तळाला कापायलाच नको. बाजू २ फूट उंच धरली तर घेर २४ फूट, ४८ चौरस फूट म्हणजे दीड शीट. अडीच शीटमध्ये पेटी होते. १८ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या, साधा कमर्शियल घेऊ नका, एका पावसात फुगून सोलतो. खाली पंचवीस एमएमच्या चौकोनी पाइपचा स्टँड, दीड फूट उंच, म्हणजे फरशीचा गारवा लागणार नाही आणि वाकून कंबर पण जाणार नाही.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. चार फूट खोल पेटी भिंतीला लावली की मागच्या कोपऱ्यात हात पोचत नाही, माणसाचा हात अडीच फुटाच्या पुढं जात नाही. म्हणून पुढची बाजू पूर्ण कब्जावर, म्हणजे बिजागरीवर, खाली पडणारी करा. खाली सहा इंचाची पट्टी फिक्स, माती अडायला, त्याच्यावरचा भाग उघडणारा. झाकण मी पॉलिकार्बोनेट शीटचं करेन, दोन तुकड्यात, वजनाला हलकं.

वजनाचं घरच्यांना सांगा. चार इंच मातीचा थर म्हणजे साधारण ३०० लिटर, ओली धरली तर तीनेकशे किलो. ३२ चौरस फुटावर पसरलं तर फुटाला ९-१० किलो, पेटी आणि स्टँड धरून अजून थोडं. चांगल्या स्लॅबला अडचण नाही, तरी बीमच्या बाजूला, भिंतीलगत ठेवा.

हिंदवाडीकरीण

दादा, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, ते लगेच टेप घेऊन खोलीत गेले. आतनं पाणी लागू नये म्हणून काय लावायचं? ऑइल पेंट?

चिकोडीचा_द्राक्षवाला

शेततळ्याचा कागद लावा की. ५०० मायक्रॉनचा जाड काळा असतो तो, आमच्याकडं तळं केलं की तुकडे उरतातच. तळाला आणि बाजूला सहा-आठ इंच वर घ्या, कोपरे कापू नका, घडी घाला. आम्ही पाणी अडवायला वर्षानुवर्षं तेच वापरतोय.

कॅम्पातला

एकदम बरोबर. पेंटपेक्षा हेच बरं. पेंट लावायचाच असेल तर पूर्ण वाळून वास जाईपर्यंत दोन-तीन आठवडे कासव आत सोडायचं नाही.

उद्यमबाग_फिटर

यूव्हीचं एक विचारायचं होतं. आमच्या शेजारच्या युनिटमध्ये पाण्याच्या फिल्टरच्या यूव्ही ट्यूब पडून आहेत. ती चालेल काय, फुकट मिळेल.

कॅम्पातला

नाही दादा, अजिबात नाही. ती यूव्ही-सी, जंतू मारायची. तिच्यानं कासवाचे डोळे जातील आणि बघणाऱ्याचे पण. डास मारायच्या यंत्रातली निळी ट्यूब पण नको, ती यूव्ही-ए. कासवाला लागतं ते यूव्ही-बी. त्याच्यावर कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि डी-३ असलं तरच कॅल्शियम अंगी लागतं, नाहीतर पाठ मऊ पडते, पाय वाकतात.

ताईंकडं जो गुंडाळीवाला बल्ब आहे तो एका बिंदूवर टाकतो आणि लवकर उतरतो. टी-५ ची लांब ट्यूब घ्या, दोन फुटाची तरी, वर रिफ्लेक्टर. रेड फूटेड सावलीतलं जनावर आहे म्हणून ५-६ टक्के यूव्ही-बीचीच, वाळवंटी कासवाची १०-१२ टक्क्यांची नको. पाठीपासून फूट ते सव्वा फूट अंतर. आणि ट्यूब झाकणाच्या आत लावा, वरनं ठेवू नका, पॉलिकार्बोनेट आणि काच दोन्ही यूव्ही-बी अडवतात. तुमच्या खिडकीच्या काचेतनं ऊन आलं तरी त्यात यूव्ही-बी जवळजवळ नसतं. ट्यूब दिसायला वर्षानंतर पण जळते, पण आतलं यूव्ही संपलेलं असतं, म्हणून लावलेल्या दिवसाची तारीख पट्टीवर लिहून ठेवा आणि १२ महिन्यांनी बदला.

ऊबेसाठी सिरॅमिक हीटर, उजेड न देणारा. १०० वॅटचे दोन, दोन टोकांना नाही, एकाच अर्ध्या भागात, म्हणजे एक बाजू गरम आणि एक बाजू थोडी गार राहील, कासव स्वतः ठरवेल कुठं बसायचं. होल्डर चिनी मातीचाच पाहिजे, प्लास्टिकचा वितळतो. भोवती जाळी. वरनं साखळीनं टांगा, नुसत्या क्लिपवर विश्वास ठेवू नका. पोटाखाली तापणारी गादी नको, पोटाकडनं भाजलं तरी कासवाला वेळेत कळत नाही.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, हीटर लावायचा नाही. एसटीसी-१००० मिळतो, चालतो. पण त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, कुठं आहे त्यावर सगळं आहे. माझा प्रोब एकदा चिकटपट्टी सुटून पेटीच्या बाहेर पडला, बाहेर थंडी, थर्मोस्टॅटला वाटलं गार आहे आणि हीटर बंदच होईना. आत ३८ झालं होतं. मी घरी होतो म्हणून निभावलं. प्रोब कासवाच्या पाठीच्या उंचीला, सावलीत, क्लँप आणि स्क्रूनं घट्ट बसवा.

खानापूरचा_काका

मी वयानं मोठा आहे, टायपिंग हळू होतं. पोरीनं माती काय घालायची ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

नारळाचा भुसा म्हणजे कोकोपीट निम्मा आणि निम्मी माती घ्या. पाच किलोची वीट भिजवली की साधारण ७० लिटर होते, तुम्हाला दोन-तीन लागतील. माती शेतातली घ्या पण तणनाशक आणि युरिया न मारलेली. जंगलातली आणू नका, आमच्या भीमगड अभयारण्याच्या बाजूला लोक पोती भरून पालापाचोळा नेतात ते बरं नाही आणि कायद्यात पण बसत नाही. माझ्या परड्यात फणस आणि आंब्याचा पाला भरपूर पडतो, दोन दिवस कडक उन्हात वाळवून देतो, वरच्या थराला पसरा, कासवाला त्यात लपायला आवडेल.

आता ओल किती ठेवायची. शेतकऱ्याला वाफसा म्हटलं की कळतं. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतनं पाणी सुटू नये, आणि अंगठ्यानं टोकरला तर गोळा फुटावा. एवढीच ओल. त्याच्यापेक्षा जास्त म्हणजे चिखल. भाताचं तूस किंवा पिंजर घालू नका, ओल लागली की तीन दिवसात बुरशी येते.

आणि लपायला जागा पाहिजे असेल तर आमच्याकडं कुंभारवाड्यात चिरलेले माठ पडलेले असतात. मोठा माठ उभा अर्धा कापून आडवा मातीत रोवला की गुहा. मातीचा माठ ओल धरतो आणि सोडतो, आतनं कायम ओलसर राहतो. कडा कानसनं घासून घ्या म्हणजे पाठीला लागणार नाही.

कॅम्पातला

काका, वाफसा! हा शब्द मला इतकी वर्षं सुचला नाही, मी आपला 'ओलसर पण ओलं नाही' असं लोकांना सांगत बसायचो. फक्त एक जोडतो, पाणी वरनं शिंपडू नका, चार कोपऱ्यात ओता. खाली ओल, वरचा पाला कोरडा. वरचा थर कायम भिजका राहिला की पोटाकडच्या कवचाला कुज लागते.

मच्छे_गाव

मी पण विचारू काय. आमच्या मुलानं शेतातल्या विहिरीजवळ मऊ पाठीचं पाणकासव धरलंय, कालपासनं बादलीत आहे. घरी ठेवलं तर चालेल काय?

खानापूरचा_काका

नको बाळा. ते विहिरीचं, विहिरीलाच सोड. माझ्या नातवानं पण असंच धरलेलं, मी त्याला घेऊन गेलो आणि त्याच्याच हातानं सोडायला लावलं, आता तो दर रविवारी विहिरीवर वाकून बघतो आलंय काय.

कॅम्पातला

काका बरोबर. ते बहुतेक फ्लॅपशेल, ते पण पहिल्या परिशिष्टात. कालच धरलंय आणि जखम नाही तर जिथं सापडलं तिथंच आज सोडा. जखमी असेल किंवा बरेच दिवस कुणाकडं असेल तर वनखात्याला फोन करा, स्वतः सोडू नका. उलट बाजारातली हिरवी, कानाजवळ लाल पट्टी असलेली स्लायडर कासवं कुठल्याही तळ्यात, विहिरीत सोडायची नाहीत, ती बाहेरची आहेत आणि आपल्या कासवांचं खाणं-जागा बळकावतात.

मच्छे_गाव

सोडलं. मुलगा रडला पण सोडलं.

चिकोडी_पशुवैद्य

उशिरा वाचला धागा. मी गाई-म्हशी बघतो, कासवांचा तज्ज्ञ नाही, पण एक गोष्ट जिवावरची आहे म्हणून लिहितो. आपल्या भागात गोचीड-जंतांसाठी आयव्हरमेक्टिन सर्रास टोचतात. कासवाला ते विष आहे, पक्षाघात होऊन मरतं. कुणीही 'जंताचं इंजेक्शन देऊन टाकूया' म्हटलं तर आधी औषधाचं नाव विचारा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा, पुणे असो बेंगळुरू असो, फोन नंबर भिंतीवर लावा. आजारी पडल्यावर शोधायला गेलात तर वेळ नसतो. आणि घरात लहान मुलं असतील तर कासव हाताळल्यावर साबणानं हात धुवायचा नियमच करा, साल्मोनेला कासवाच्या अंगावर असू शकतो आणि कासव स्वतः ठणठणीत दिसतं. तिचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका.

टिळकवाडी_झाडवाली

पेटीत झाडं लावणार असाल तर दासवाळाच्या, म्हणजे जास्वंदीच्या, कुंड्या ठेवा, पानं-फुलं दोन्ही खाल्ली तरी चालतात. स्पायडर प्लांट पण चालतं. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया नको, तोंडात आग होते. बाहेर अंगणात फिरवाल तेव्हा कण्हेर आणि घाणेरीपासून लांब, दोन्ही विषारी. माझ्याकडं दासवाळाला औषध मारत नाही, ताई कधीपण येऊन पिशवीभर घेऊन जा.

हिंदवाडीकरीण (२६ मे)

माफ करा, महिनाभर गायब होते, पण काम करत होते. सगळ्यांचं ऐकून पेटी झाली!

उद्यमबागच्या दादांनी स्टँड आणि झाकण करून दिलं, स्वतः येऊन बसवून गेले. कब्जावाली पुढची बाजू म्हणजे वरदान आहे, बाबा स्टूलावर बसून आरामात भांडं बदलतात. शेततळ्याचा कागद चिकोडीहून आला. काकांनी फणसाचा पाला आणि दोन अर्धे माठ एसटीनं पाठवले, एक गरम बाजूला, एक गार बाजूला पुरला. बाहेरनं चारी बाजूला थर्माकोल लावला, आत नाही, कुरतडेल म्हणून. लाईट बारा तास, सकाळी सात ते संध्याकाळी सात, टायमरवर. वायरी पेटीत शिरायच्या आधी खाली झोळ सोडलाय म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जाणार नाही, आणि त्या खोलीला वेगळं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारं बटण, बसवून घेतलं.

पहिले दोन दिवस कुंदा माठातनं बाहेरच आली नाही. मी घाबरले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाल्याखाली अर्धी शिरून फक्त डोकं बाहेर. आणि काल पहिल्यांदा सगळी पेटी फिरली, भिंतीवर पाय घासणं नाही, मध्येच थांबून दासवाळाचं फूल खाल्लं, परत चालू. आई म्हणाली, "आता हिला आपलं घर मिळालं."

रोज कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवते, पाणी पोटाच्या कवचाच्या वर थोडंसं. समुद्रफेस ठेवलाय, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो, चोच मारते त्याला.

प्रश्न एकच राहिला, लाईट गेली तर?

कॅम्पातला

वाचून फार बरं वाटलं. हवेचं तेवढं बघा, झाकणाच्या दोन विरुद्ध टोकांना थोडी भोकं ठेवा, अगदी कोंदट पण नको. आणि आत उंच दगड-पायऱ्या करू नका, पडून उलटं झालं आणि वर दिवा असला तर तासाभरात खेळ खलास.

लाईटचं, घरी इन्व्हर्टर आहे काय?

उद्यमबाग_फिटर

१५० एएचची एक बॅटरी असेल तर कागदावर १८०० वॅट-तास, नुकसान वजा जाता अकराशे-बाराशे हाताला लागतात. रात्री ट्यूब बंद, फक्त हीटर, थर्मोस्टॅटवर बंद-चालू होऊन सरासरी १५० वॅट धरलं तर सात-साडेसात तास. पण त्याच्यावर घरातले पंखे आणि फ्रिज टाकू नका, कासवाच्या खोलीला वेगळी लाईन काढा. बॅटरी जुनी असेल तर निम्मंच धरा.

वडगावचा

एवढं कशाला, थंडी-पावसात कासवं झोपतातच की, झोपू द्या चार महिने. पुस्तकात पण असतंय शीतनिद्रा.

कॅम्पातला

भाऊ, थंड प्रदेशातली काही कासवं झोपतात, रेड फूटेड झोपत नाही. त्याच्या मुलखात कडक हिवाळा नसतो. ते गारठून निपचित पडलं तर ती झोप नव्हे, ते हळूहळू मरणं आहे. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे १३-१४ अंशांवर येतं, तेव्हा पण हीच पेटी, हीच ऊब.

वडगावचा

बरं झालं सांगितलंत, मला माहीत नव्हतं. माझ्या मेव्हण्याकडं आहे एक, त्याला हा धागा पाठवतो.

हिंदवाडीकरीण (१९ जुलै, पहाटे)

झोप येत नाहीये म्हणून लिहायलेय. कालपासनं पाऊस थांबलेला नाही, रात्री साडेअकराला लाईट गेली ती साडेचारला आली. इन्व्हर्टरनं दोनपर्यंत साथ दिली, आमची बॅटरी चार वर्षांची जुनी आहे, दादांनी सांगितलेल्या निम्म्याहून पण कमी निघाली. मग मी आणि बाबांनी गॅसवर पाणी तापवून चार बाटल्या भरल्या, टॉवेलात गुंडाळून गरम बाजूच्या माठाभोवती ठेवल्या, झाकणावर जुनी वाकळ टाकली, कोपऱ्यात वारा जायला थोडी जागा सोडून. दर पाऊण तासानं बाटल्या बदलल्या. खोलीत २१ होतं. पेटीत २६ वरनं २३.५ पर्यंत उतरलं, त्याच्या खाली गेलं नाही. थर्माकोलनं किती धरून ठेवलं ते काल कळलं.

टॉर्चच्या उजेडात कुंदाकडं बघितलं, माठात मान आत घेऊन शांत झोपलेली, नाक कोरडं.

खानापूरचा_काका

पोरी, बाबांना पण सांग, चांगलं केलंत. इकडं पण रात्रभर ओतलंय, ओढा रस्त्यावर आलाय. पाला भिजला असेल तर कळव, माझ्याकडं माळ्यावर कोरडा ठेवलेला आहे.

कॅम्पातला

२३.५ म्हणजे काही काळजी नाही. आज सकाळी गरम बाजू ३० ला येऊ द्या, मगच अंघोळ आणि खाणं. दोन दिवस नाक आणि श्वासाचा आवाज ऐका, तोंड उघडून श्वास घेतला तर लगेच डॉक्टरांना फोन. बॅटरी बदलायची असेल तर ऑगस्टच्या आधी बदला, श्रावणात अशा रात्री अजून येतील.

हिंदवाडीकरीण

शनिवारी बॅटरी बघायला जातोय. सकाळी नऊला कुंदानं पपईचा तुकडा आणि शेवग्याचा पाला खाल्ला. काका, वरचा पाला बदलायलाच झालाय, एक पोतं पाठवा, एसटीचं भाडं मात्र या वेळी मी देणार.